हरणं हे क्रियापद आहे : मुलांचे सामने पाहायला येणाऱ्या पालकांना खुलं पत्र

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मैदानांवर शाळेच्या मुलांचे सामने पाहायला येणाऱ्या आई-बाबांनो, काका-मामांनो, आजी-आजोबांनो,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मुलींचा संघ बाहेर खेळायला निघाला की सोबत एक बाई लागतात. त्यामुळे गेली काही वर्षं मी पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींची ओळखपत्रं सांभाळत तुमच्याच शेजारी मैदानाच्या कडेला उभी असते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझी ओळख तिथेच झाली. कुणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेलं असतं, कुणी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर. कुणाच्या पिशवीत सगळ्या संघाला पुरतील इतकी केळी असतात. तुमचं येणं मुलींना किती हवं असतं हे मी जवळून पाहते. वॉर्मअप करताना त्यांची नजर सारखी फाटकाकडे वळत असते. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

गेल्या हंगामात नवी मुंबईत १४ वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉलचा सामना होता. आमची गोली सातवीतली. वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. इंग्रजीचा धडा वाचायला उभी केली की पहिल्याच ओळीला तिचा आवाज बसतो. पण मैदानावर हीच मुलगी गोलपोस्टमधून अख्ख्या संघाला इंग्रजीत हुकूम सोडते. ‘कीपर!’ म्हणजे चेंडू माझा. ‘लीव्ह इट!’ ‘मॅन ऑन!’ म्हणजे मागून कुणीतरी अंगावर येतंय. ‘टाइम, टाइम!’ म्हणजे घाई नको. बचावातल्या पोरी मागे न बघता तिच्या आवाजावर पळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्क झाले. वर्षभर मी ज्यासाठी फळ्यासमोर झटते ते तिथे आपसूक घडत होतं. मनात भाषांतर न करता, बरोबर क्षणी बरोबर शब्द तोंडातून बाहेर पडत होता. माझ्या बहुतेक मुलांची पहिली मोकळ्या गळ्याची इंग्रजी वाक्यं मैदानावरच निघतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या सामन्यात पाऊस पडून गेला होता, चेंडू ओला होता. दुसऱ्या हाफमध्ये साधा सरपटत आलेला चेंडू तिच्या हातांतून निसटला आणि गोल झाला. आमच्याच बाजूने आवाज आला, ‘यूसलेस! काढा तिला बाहेर!’ समोरच्या कडेला मुलांनी ताल धरला, ‘लू-जर! लू-जर!’ त्यांच्यामागे उभी असलेली मोठी माणसं ते मोबाइलवर टिपत होती. कुणी कुणाला गप्प केलं नाही. मीही नाही. त्या क्षणी मला काहीच सुचलं नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे.

पुढच्या सामन्यात तिने हाक दिली नाही. उंचावरून आलेला चेंडू तिचाच होता, पण ‘कीपर!’ हा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. ती आणि बचावातली मुलगी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू दोघींच्या मधून आत गेला. सरांनी विचारलं, आवाज का नाही दिलास? ती खाली मान घालून म्हणाली, ‘चुकलं तर?’

हे दोन शब्द माझ्या ओळखीचे आहेत. इंग्रजीच्या तासाला माझ्या निम्म्या वर्गाच्या घशात हेच दोन शब्द अडकलेले असतात. ते काढण्यासाठी मी जी एक जागा भरवशाची मानली होती, तिथेही ते पोचले.

त्यानंतरच्या सोमवारी मी सातवीला एक साधा स्वाध्याय दिला : मैदानावर कानावर पडणारे इंग्रजी शब्द लिहा आणि पुढे मराठीत अर्थ द्या. गोल, पास, कॉर्नर, फाउल सगळ्यांनी लिहिलं. त्याखाली लूजर, यूसलेस, चीटर, ब्लाइंड. स्पेलिंग बहुतेक बरोबर. ‘वेल प्लेड’ मोजक्या वह्यांत होतं. एका वहीत ‘हार्ड लक’, म्हणजे नशिबाने साथ दिली नाही, हे दिसलं म्हणून बरं वाटलं, तर अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चिडवणे’. मी त्या मुलाला चूक कशी देऊ? त्याने ते तसंच ऐकलं होतं. हरलेल्याच्या तोंडासमोर हात नाचवत म्हटलेलं ‘हार्ड लक’ हेच त्याच्या माहितीतलं ‘हार्ड लक’.

आता थोडं माझ्या विषयातलं सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते व्याकरणातच सगळ्यात नीट सांगता येतं.

इंग्रजीत ‘यू लॉस्ट’ म्हटलं तर त्यात क्रियापद आहे, भूतकाळ आहे. आज, या मैदानावर, अमुक इतक्या गोलांनी. रेफरीची शेवटची शिट्टी वाजली की ते वाक्य तिथेच संपतं. ‘यू आर अ लूजर’ म्हटलं की क्रियापदाचं नाम होतं आणि काळ होतो साधा वर्तमान. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगायला वापरतो तोच काळ. हे नाम शिट्टीबरोबर संपत नाही, मूल ते दप्तरात घालून घरी नेतं. मराठीतही ‘आज हरलीस’ आणि ‘तू हरणारीच’ यांत तेवढंच अंतर आहे. ‘चेंडू सुटला’ हे खरं होतं आणि ते तिला आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ‘तू यूसलेस आहेस’ हे खोटं होतं, आणि ते तिला आपल्याकडून कळलं. तुम्ही रागाच्या भरात एक शब्द टाकता, पण बारा वर्षांचं मूल तुमचा राग वजा करून शब्द ऐकत नाही.

हे सगळं इंग्रजीतूनच येतं असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे हुर्यो उडवणं आहेच, आणि ‘चिडका बिब्बा’ म्हणून कुणालाही रडवता येतं. पण आपल्याच गल्लीत ‘रडीचा डाव’ हा शब्दही आहे. बाद झाल्यावर भांडणाऱ्याला, हरायला लागल्यावर बॅट घेऊन घरी जाणाऱ्याला मुलं तो शब्द लावतात. तो शब्द त्याच्या खेळाच्या कुवतीबद्दल काही बोलत नाही, फक्त वागण्याबद्दल बोलतो. आणि लिंबूटिंबू! धाकट्या भावंडाला खेळायचं असतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद नसतो. कुठल्याही नियमपुस्तकात नसलेला हा नियम पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीच पाळला. मी वर्गात ‘गुड स्पोर्ट’ शिकवताना आधी ‘खिलाडू’ शब्द सांगते, ‘सोअर लूजर’साठी रडीचा डाव सांगते, आणि मुलांना लगेच कळतं. ‘वेल प्लेड’ म्हणजे ‘शाब्बास’ का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, जवळपास. शाब्बास हा मुळात फारसी ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. खेळून दमलेल्या मुलाला याहून चांगलं काय म्हणणार? आणि हो, तो शब्द समोरच्या संघातल्या मुलाला म्हणायलाही कुणी मनाई केलेली नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, मोठ्या मैदानांवर काय चालतं ते बघा, आमच्या दोन शब्दांनी काय होतंय. मी मोठ्या मैदानांकडेही बघते.

६ ऑक्टोबर २०१७ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने सुरू झाले, तेव्हा मी काही मुलांना घेऊन गेले होते. भारताचे सामने दिल्लीत होते. आमच्या वाट्याला न्यूझीलंड, तुर्की, पॅराग्वे आणि माली. आपलं असं कुणीच नव्हतं. दोन गोलांनी मागे पडलेल्या मालीने बरोबरी साधली तेव्हा आमची पोरं बाकावर उभी राहिली, आणि अखेर पॅराग्वेने ३-२ ने सामना जिंकला तेव्हाही त्यांनी तितक्याच टाळ्या वाजवल्या. परत येताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चर्चा होती ती कोण किती वेगाने पळालं याची. आपलं कुणी नसताना खेळ किती स्वच्छ दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग आपलं कुणी असलं की काय होतं? त्याच स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुली क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना खेळल्या. आमच्या सोसायटीच्या आवारात पडदा लावला होता. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला, तरी कुणी हललं नाही. आपल्या २९८ धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट एका बाजूने उभी होती. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध १६९ करून आलेली, इथे पुन्हा शतक. १०१ वर असताना अमनजोतने तिचा उडालेला झेल हातातून सुटता सुटता पकडला आणि आमचं आवार अक्षरशः उसळलं. उसळायलाच हवं होतं, मीही उडी मारली. त्या कल्लोळात आमच्या मजल्यावरच्या एका लहान मुलीने आईला विचारलं, ‘तिने सेंच्युरी मारली ना? मग तिच्यासाठी टाळ्या का नाहीत?’ आईला उत्तर सुचेना. पुढच्या खुर्चीवरच्या आजोबांनी ते ऐकलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वोल्व्हार्ट तोवर तंबूत पोचलीही असेल. पण टाळ्या झाल्या. नंतर आपण ५२ धावांनी जिंकलो आणि आजोबा सगळ्यांत जास्त नाचले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमल्या.

३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत तेच झालं होतं. पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत २७१ धावांचं लक्ष्य, पाठदुखीने कळवळणाऱ्या सचिनच्या १३६ धावा, आणि तो बाद झाल्यावर अवघ्या १२ धावांनी पराभव. याहून जिव्हारी लागणारं हरणं मला आठवत नाही. तरी तिथल्या चेपॉक मैदानावरचे लोक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या संघाने मैदानाला फेरी मारली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत याच दोन संघांचा कसोटी सामना कोलकात्यात होता. सचिन धावबाद झाल्यावरून इतका गोंधळ झाला की शेवटी प्रेक्षकांना बाहेर काढून, जवळजवळ रिकाम्या ईडन गार्डन्समध्ये उरलेला खेळ संपवावा लागला. संघ तेच, देश तोच. तेव्हा ‘आपले प्रेक्षक असेच’ हे कुणी म्हटलं की मला चेपॉक आठवतं. असेच असतो तर तिथे टाळ्या झाल्या नसत्या.

आपल्या मुंबईचंही सांगायला हवं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिक पांड्याची हुर्यो उडवली गेली. तो आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सचाच कर्णधार होता, पण रोहितच्या जागी आला हा त्याचा गुन्हा. माइक हातात असलेल्या संजय मांजरेकरांनी प्रेक्षकांना एकच इंग्रजी शब्द सुनावला : ‘बिहेव!’ दुसऱ्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिला. आई पाहुण्यांसमोर डोळे मोठे करते ना, तो हा शब्द, असं मी सांगितलं आणि वर्गाला तो पुन्हा समजवावा लागला नाही. जूनच्या अखेरीस बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, भारत जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. मला त्या गजराचा आनंद झाला, पण एक प्रश्न राहिलाच. ते षटक बिघडलं असतं तर? आमच्या गोलीच्या वाट्याला तर असं षटकही येणार नाही. तिच्यासाठी तो पावसातला सामनाच सगळं काही होता.

रेफरींबद्दल दोन शब्द. ‘ब्लाइंड’ हा शब्द माझ्या वर्गाच्या यादीत आला तो त्यांच्यामुळे. अंपायर हा शब्द जुन्या फ्रेंच ‘नॉनपेर’वरून आला. अर्थ, जोडीत न बसणारा, तिसरा. इंग्रजीत आधी ‘अ नूंपायर’ म्हणत, मग बोलताबोलता ‘न’ मागे सरकला आणि ‘अॅन अंपायर’ झालं. दोघांपैकी कुणाचाच नसलेला माणूस, एवढंच त्याचं काम त्याच्या नावात लिहिलेलं आहे. आपल्या शालेय सामन्यांत हा तिसरा माणूस बहुधा कॉलेजात शिकणारा मुलगा असतो, उन्हात एकामागून एक सामने घेत असतो आणि त्याच्याकडे रिप्ले नसतो. त्याच्याशी भांडायला तुम्ही मैदानात उतरता तेव्हा तुमची मुलगी तुमच्याकडे बघत नाही, बुटांच्या नाड्यांकडे बघते. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मुलांना मी पिवळ्या-लाल कार्डांची हकिकत सांगते. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरीने अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रात्तीनला, बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तो जाईचना. केन अॅस्टन नावाचे इंग्लिश शिक्षक तेव्हा रेफरींच्या व्यवस्थेत होते. घरी जाताना सिग्नलवर थांबले असताना त्यांना सुचलं : पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून कार्डं आली. भाषा अडली तेव्हा एका मास्तरांनी ओरडा न वाढवता खुणेने भागवलं, हे मला फार आवडतं.

काही पालक मला म्हणतात, पोरं कणखर व्हायला नकोत का? हवीत. पण कणखरपणा चुकून पुन्हा उभं राहण्यात असतो, आणि उभं राहायला पायाखाली जमीन लागते. आमची गोली कणखरच होती. म्हणून तर भर सामन्यात ओरडून हुकूम देत होती. ‘समोरच्यांनी सुरू केलं’ याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण समोरचेही मला हेच सांगतात.

आता विनंती. आवाज बंद करा असं मी म्हणणार नाही. तुमचा आवाज नसला तर सामना सुना वाटेल. फक्त ओरडाल ते क्रियापदात ओरडा. ‘परत ये’, ‘धाव’, ‘सोड’, ‘कीप गोइंग’. चूक झाली की इंग्लंडमधले फुटबॉलचे प्रशिक्षक मुलांना ‘अनलकी!’ म्हणून हाक देतात. तेही चालेल, ‘असू दे’ तर त्याहून छान. समोरच्या संघातल्या एखाद्या मुलीने चांगला गोल मारला, तर तिच्या पाठीवरचा नंबर घेऊन ‘वेल प्लेड, सेव्हन’ म्हणा. एकदा म्हणून बघा, ती मुलगी कशी वळून बघते. ‘हार्ड लक’ म्हणाल तर हात न नाचवता म्हणा, म्हणजे माझ्या वहीतला अर्थ बदलेल. आणि घरी जाताना, रिक्षात किंवा गाडीत, ती स्वतः बोलेपर्यंत सामन्याचा विषय काढू नका. आधी काहीतरी खायला द्या.

शाळांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी दोरी बांधावी, पालकांनी तिच्यामागे उभं राहावं, हेही मी सुचवणार आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा मुलांच्या सामन्यांत हीच युक्ती केली होती. पण दोरी बांधेपर्यंतचे सामने तर तुमच्या-माझ्यावरच आहेत.

पावसाळा सरला की सामने पुन्हा सुरू होतील. मुली ठाणे स्टेशनवर जमतील, नेरूळची गाडी पकडतील. गोली तीच आहे. सरांनी तिच्याकडून सुट्टीत रोज सराव करून घेतला आहे, चेंडू पकडण्याचा कमी आणि ओरडण्याचा जास्त. परवा शाळेच्या मैदानावर तिने ‘कीपर!’ म्हटलं, जरा दबक्या आवाजात, पण मला वरच्या वर्गात ऐकू आलं. पहिल्या सामन्याला मी आपल्या बाजूला नसेन. समोरच्या शाळेच्या पालकांमध्ये जाऊन उभी राहणार आहे, त्यांच्या मुलींसाठीही टाळ्या वाजवायला. तुमच्यापैकी कुणी सोबत आलं तर जागा धरून ठेवते.

तुमची,
मुलींच्या इंग्रजीच्या बाई
ठाणे